मर्तिकाची चाल

मास्तर,

गेल्या आठवड्यात दादाला पुरलं, आणि अंगणातून शवपेटी उचलताना तुमचं गाणं झालं नाही. गावात असं पहिल्यांदाच घडलं. मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर, मासळीबाजारात, रिक्षाच्या रांगेत, जो भेटतो तो मला कारण विचारतो. मी अजून कोणालाच नीट उत्तर दिलेलं नाही. ते उत्तर आधी तुम्हाला द्यायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरीत आता दुसरंच कोणी आहे. दफनभूमीत जागा पुरत नाही, जुनी हाडं काढून मागच्या सामाईक, कोरड्या अस्थिविहिरीत टाकतात. तुमचीही टाकली. तेव्हा हे पत्र कुठे नेऊन ठेवावं अशी जागासुद्धा उरलेली नाही. तरी लिहिते.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. गायनमंडळाचा सराव तुम्ही चर्चमध्ये कधी घेतला नाहीत. चर्चमध्ये आवाज घुमतो आणि घुमण्यात चुका लपतात, असं तुमचं म्हणणं. तुमच्या स्वयंपाकघरात शेणाने सारवलेली जमीन होती, वर कौलं, भिंतीला टेकून धान्याची पोती. तिथे आवाज जसा निघायचा तसाच कानावर यायचा, कच्चा तर कच्चा. वरच्या आवाजातल्या मुली चुलीपाशी, दुसऱ्या आवाजातल्या आम्ही पाण्याच्या हंड्यांपाशी, पुरुष मागच्या दारात. तुमच्या हातात भाताचा डाव. त्याने तुम्ही ताल द्यायचात आणि चुकलेल्याच्या डोक्यावर तोच हलकेच टेकवायचात. तुमची बायको भाकऱ्या थापत असायची आणि आमच्यापैकी कोणी बेसूर झालं की थापणं थांबवून वर बघायची. आम्हाला डावापेक्षा तिच्या बघण्याची धास्ती जास्त. आमच्यापैकी एकालाही स्वरलिपी वाचता येत नव्हती. दादा खालच्या आवाजात, त्याला तुम्ही दारातून बाहेर बोट दाखवून वाडीतल्या बावखलाचं, त्या छोट्या तळ्याचं, पाणी दाखवलंत आणि म्हणालात, "वर केळी हलतात, वारा सुटतो, ते पाणी हलतं का? तू ते आहेस. बाकीचे तीन आवाज कुठेही जाऊ देत, तू जागचा हलायचं नाहीस." दादा जन्मभर हलला नाही. नोकरी पालिकेच्या पाणीखात्यात केली, लग्न केलं, वाडीचा तुकडा बिल्डरला दिला, बायको पुरली, पण गावातल्या कोणाच्याही मर्तिकाला खालच्या आवाजात उभा राहिला नाही असं कधी झालं नाही.

तुमच्या तोंडी सदा जर्मनी. सेमिनरीतून तुम्ही पाद्री न होताच परतलात, पण तिथल्या एका म्हाताऱ्या जर्मन फादराने तुम्हाला चार आवाजांत गायला शिकवलं होतं, ते घेऊन आलात. तो देश तुम्ही कधी पाहिला नाहीत. रंगाच्या एका कंपनीच्या जुन्या कॅलेंडरातली पानं तुम्ही भिंतीला चिकटवली होती. त्यांच्या चर्चमधली लाकडात कोरलेली संतांची शिल्पं. "बोटांकडे बघा," तुम्ही आम्हाला म्हणायचात. "ही शेतकऱ्याची बोटं आहेत. कोरणाऱ्याने शेजाऱ्याचा हात बघून कोरलाय." आणि मग तुमचं ठरलेलं भाषण सुरू. तिकडे न्हावी, शिंपी, खाटीक, सगळे दिवसाचं काम संपवून संध्याकाळी गायला जमतात. गावाच्या पैशातून गावाचा बँड असतो. त्यांचा देश शंभर तुकड्यांत होता, एक राजा नव्हता, एक कायदा नव्हता, तेव्हाही गाणं एक होतं. आधी गाणं झालं, मग देश झाला. "आणि आपण?" तुम्ही डाव उगारून विचारायचात. "या वाडीतला त्या वाडीत मुलगी देत नाही. पाण्याच्या पाळीवरून डोकी फोडता. एक गाणं सगळ्यांचं नाही तुमचं."

ते गाणं तुम्हाला ग्रामोफोनच्या एका प्लेटवर मिळालं. दुसरी मोठी लढाई लागली तेव्हा मुंबईतल्या जर्मन लोकांना सरकारने धरून नेलं आणि त्यांचं घरसामान लिलावात निघालं. त्यातला ग्रामोफोन आणि प्लेटांचा एक ढिगारा तुमच्या वडिलांनी केळी विकून आलेल्या पैशांत उचलला. बऱ्याच प्लेटा आमच्या लहानपणापर्यंत फुटून गेल्या होत्या. ही एक टिकली. तिचा मधला कागद दमट हवेने सुटून पडला होता, वर नाव नाही, गाव नाही. आत नुसता बँड. शब्द नाहीत. पितळी वाद्यं, खूप संथ, एकदा वाजून थांबतात आणि पुन्हा तेच, अधिक हळू. ती ऐकताना तुम्ही उभे राहायचात. हे त्यांचं फार जुनं भजन असणार, असं तुम्ही ठरवलंत. आणि ज्याने ते ऐकलं त्याला दुसरं काही सुचलंच नसतं. मलासुद्धा.

तुमची धाकटी तापाने गेली तेव्हा तुम्ही त्या चालीवर शब्द लिहिलेत. फार साधे शब्द. दार उघडं आहे, वाट सरळ आहे, तू पुढे हो, आम्ही मागून येतो. तिची पेटी अंगणात दोन स्टुलांवर होती, तिच्यासाठी ती पेटीसुद्धा मोठीच होती, आणि तुम्ही आम्हा सगळ्यांना पेटीभोवती चार बाजूंना उभं केलंत. पाणी शिंपडून फादर मागे सरले आणि तुम्ही डोक्याने खूण केलीत. तुमच्या हातात त्या दिवशी काही नव्हतं. मी दुसऱ्या आवाजात होते आणि रडत होते, तर तुम्ही गाणं चालू असताना माझ्याजवळ येऊन कानात म्हणालात, "नंतर." एवढंच. मी रडायची थांबले. त्या दिवसापासून गावातली एकही पेटी त्या गाण्याशिवाय अंगणाबाहेर गेली नाही. श्रीमंताची नाही, दारुड्याची नाही, ज्या दोन घरांत वैर होतं त्यांचीही नाही. शेजारच्या आळीतली हिंदू माणसं पोहोचवायला यायची, त्यांनाही चाल पाठ झाली. लोक तिला मर्तिकाची चाल म्हणतात. आत्ताच्या पोरांना वाटतं ती पोर्तुगीजांच्याही आधीपासून इथे आहे. तुम्हाला जे हवं होतं ते झालं होतं, मास्तर. सगळ्यांचं एक गाणं.

मी कॉलेजात जर्मन घेतलं ते तुमच्यामुळे. घरच्यांचा विरोध होता, मुलीने मुंबईला जायचं आणि वर जर्मन शिकायचं. तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बाबांना म्हणालात, "गावात एक तरी माणूस असा हवा ज्याला त्यांचे शब्द कळतील." आणि मला शब्दकोश दिलात, जुना, पाठीला गोणपाट शिवलेला. मी तो वापरून वापरून सुटा केला. पण तिथे जे कळलं ते तुम्ही ज्यासाठी पाठवलं होतंत त्याच्या पलीकडचं होतं. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी आले, तुमच्या स्वयंपाकघरात सराव संपला होता, आणि मी तुम्हाला सांगितलं की लढाईच्या वर्षांत त्यांच्या मृत्यूछावण्यांमध्ये कैद्यांचे बँड होते. सकाळी कैदी कामाला निघाले की फाटकाशी बँड वाजायचा. संध्याकाळी ते परतले की पुन्हा. परतणाऱ्यांच्या खांद्यांवर दिवसभरात मेलेले असायचे आणि त्यांनाही तालात आणावं लागायचं. आणि ज्यांनी हे चालवलं ते अधिकारी रविवारी त्याच कैद्यांकडून आपल्या देशाचं थोर संगीत वाजवून घ्यायचे आणि ऐकताना डोळे पुसायचे.

तुमची बायको भाकरी तव्यावर तशीच ठेवून बघत राहिली. तुम्ही म्हणालात, "कोण सांगतं हे?"

"पुस्तकांत आहे. आमचे सर सांगतात."

"पुस्तकं जिंकणाऱ्याची असतात. इंग्रजांनी उठवलेल्या कंड्या आहेत या. जो समाज असं गातो तो असं करूच शकत नाही."

"केलंय मास्तर त्यांनी."

"चार बुकं शिकलीस म्हणून माझ्या घरात उभी राहून माझी अक्कल काढू नकोस. जा घरी."

दादा मागच्या दारात उभा होता. तो मला म्हणाला नाही की थांब. वाटेत म्हणाला, "तुला काय गरज होती गं? म्हाताऱ्याला आहे काय दुसरं?" ईस्टरपर्यंतच्या त्या सगळ्या उपासकाळात तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मीही माघार घेतली नाही. मला माघार घेता येत नाही, हा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक होता आणि पुढे माझ्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झाला. मी हेडमिस्ट्रेस झाले तेव्हा पोरं मला पाठीमागे त्या छावण्या उभारणाऱ्या जर्मन हुकूमशहाच्या नावाने ओळखायची. कौतुकाने, मास्तर. पालकसुद्धा हसून सांगायचे, असाच माणूस पाहिजे शाळेला. मी एकदा प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला उभं ठेवून त्या माणसाने काय केलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून पोरं तेच नाव जरा हळू आवाजात घ्यायला लागली.

तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा तुम्हीच विषय काढलात. माझ्याकडे न बघता विचारलंत, "ते कैदी कसे वाजवायचे? बरं वाजवायचे?" मी म्हटलं, "बरं वाजवायचे. चुकलं तर जगणं कठीण होतं." मग म्हणालात, "म्हणजे सराव चांगला होता." हे तुम्ही कसल्या आवाजात म्हणालात ते मला तेव्हा कळलं नाही, आणि पुन्हा विचारायला तुम्ही राहिला नाहीत.

आता दादाचं. त्याच्या पोटात पाणी भरायला लागलं. पाणी काढलं की चार दिवस बरे, पुन्हा फुगायचं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, ते मी समजले, तोही समजला. वहिनी नाही, त्याची एकुलती एक मुलगी नर्स होऊन जर्मनीत गेली आहे. हल्ली आपल्याकडच्या मुली घाऊक जातात. भाषेची परीक्षा देतात, आणि तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं नाहीत म्हणून त्यांना बोलावून घेतात. तिला जर्मन मीच शिकवलं, तुमच्या त्याच शब्दकोशातून. ती एका लहान शहरात वृद्धाश्रमात आहे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी तिचा फोन आला, चेहरा थंडीने लाल, डोळे रडलेले आणि तोंडभर हसू.

"आत्या, बाबांना उठव! लवकर उठव!"

"आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"उठव गं! आपलं गाणं आहे इथे! खरंच, शपथ! आपली मर्तिकाची चाल!"

दादा उठलाच होता. मी त्याच्यामागे उशा लावल्या. तिकडे मेलेल्यांच्या आठवणीचा रविवार होता, आश्रमातल्या म्हाताऱ्यांना घेऊन ती गावातल्या स्मारकापाशी गेली होती, आणि तिथे बँडने तीच चाल धरली. तिने फोनवर घेतलेलं आम्हाला दाखवलं. राखाडी आकाश, दगडाची भिंत, भिंतीवर नावंच नावं, ओव्हरकोटातली माणसं, आणि ती चाल. तुमच्या प्लेटवरची. फक्त खरखर नाही. मग त्यात तिचा आवाज, एकटीचा, मराठीत. दार उघडं आहे, वाट सरळ आहे.

"मला राहवलंच नाही, बाबा. मोठ्याने म्हणायला लागले. सगळे वळून बघायला लागले, मला वाटलं आता हाकलणार. तर आमच्या होममधली एक आजी आहे ना, व्हीलचेअरवाली, तिने माझा हातच धरला. म्हणाली, तिच्या बापाला पुरलं तेव्हा हेच वाजवलं होतं. ती छोटी होती. काळ्या युनिफॉर्ममधली माणसं रांगेत उभी होती म्हणे, मोठमोठे झेंडे, आणि तिला कोणीतरी उचलून धरलं होतं. किती गोड ना आत्या?"

दादा हसत होता. खोल गेलेल्या गालांनी हसत होता आणि ओठांनी खालचा आवाज धरत होता. मी म्हटलं, "गोड आहे. आता त्याला झोपू दे." फोन ठेवला. त्या पोरीला काळ्या युनिफॉर्मचा अर्थ माहीत नाही. ती म्हाताऱ्यांचे डायपर बदलते, त्यांच्या लहानपणच्या गोष्टी ऐकते आणि झोपवते. मला माहीत होता. तो गणवेश घालणाऱ्या फौजेनेच त्या छावण्या चालवल्या.

मी दोन दिवस वाचलं, आणि कॉलेजातल्या माझ्या वेळच्या एका बाईंना, त्या अजून जर्मन शिकवतात, फोन करून खात्री केली. चाल भजनाची नाही. सैनिकाला पुरताना वाजवायची आहे. त्या राजवटीच्या पुष्कळ आधीची आहे, ते मी मान्य करते. साधी पोरं लढायांत मेली, त्यांच्यावर ती वाजली, आजही वाजते, आणि त्यात वाईट काही नाही असं तिथले पुष्कळ लोक म्हणतात. पण त्या काळ्या वर्षांत ती त्या राजवटीने आपल्या मारेकऱ्यांना पुरतानाही वाजवली, झेंडे झुकवून. तुमची प्लेट नेमकी कोणत्या वर्षांतली ते कधीच कळणार नाही.

दादाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्यानेच विचारलं. मी त्याला पेज भरवत होते.

"सांग आता."

"काय?"

"पोरीच्या फोनपासून तुझं तोंड उतरलंय. एवढी वर्षं पोरांचं खोटं पकडलंस, तुला स्वतःला येत नाही. काळे कपडे कोणाचे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जे खरं आहे ते, चालीच्या बाजूचंही आणि विरुद्धचंही. तो ऐकत होता. मग हसायलाच लागला, पोट धरून, इतका की मला पेज बाजूला ठेवावी लागली. "म्हणजे आपल्या आज्या, मावश्या, ज्यांनी जन्मात बंदूक बघितली नाही, त्यांना आपण शिपायांसारखं पोहोचवलं? आणि तो दारुडा? तो तर कुत्र्याला भ्यायचा गं!" मीही हसले. मग त्याला ठसका लागला, मी पाठ चोळली, तो शांत झाला आणि म्हणाला, "आणि ज्यांना मारलं? त्यांना पुरताना काय वाजवायचे?"

"त्यांना पुरलंच नाही. जाळलं."

"काहीच वाजवलं नाही?"

"त्यांच्यासाठी काही नाही."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. मला वाटलं झोपला. तिकडेच बघत म्हणाला, "मग मलाही नको."

मी म्हटलं, "दादा, मास्तरांनी ते शब्द त्यांच्या पोरीसाठी लिहिलेत. शब्द आपले आहेत."

"मास्तरांना माहीत नव्हतं. मला आता माहीत आहे."

"लोक काय म्हणतील?"

"ते तू बघ. तूच सांगितलंस ना?" आणि मग, "पोरीसाठी थांबू नका. तिला सुट्टी मिळायची नाही, उगाच शवागारात ठेवाल मला."

पुढच्या तीन आठवड्यांत मी हा विषय पुन्हा काढला नाही, त्यानेही नाही. त्याने ते त्या मेलेल्या परक्या लोकांसाठी सोडलं, की मी ते त्याच्यासाठी नासवलं म्हणून सोडलं, हे मला माहीत नाही. त्याच्या "मग मलाही नको" या शब्दांत दोन्ही बसतं.

तो पहाटे गेला. दुपारी आता गायनमंडळ चालवतो तो मुलगा आला, आता मुलगा म्हणायचं म्हणून, सातिवलीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, दोन पोरांचा बाप. तुमच्यानंतर दोन जण झाले, त्यांच्यानंतर हा. मी त्याला ओट्यावरच सांगितलं.

"टीचर, काय बोलताय? दादांना गाणं नाही? अहो, आमच्या बेसचा, खालच्या आवाजाचा, बाप होता तो!"

"त्याचीच इच्छा आहे."

"पण का?"

मी कारण सांगितलं. त्याने डोकं धरलं. "टीचर, सॉरी, पण पावसुद्धा पोर्तुगीजांचा आहे. आपण खात नाही का? त्यांनी काय कमी छळ केला? इथे किती वर्षं गातोय आपण. आता ती आपली झाली."

"पावाला कोणी झेंडे झुकवले नाहीत."

"मग उद्या दुसरं कोणी गेलं तर मी काय करू? त्यांना पण हे सांगत बसू?"

"ते तू ठरव. हा माझा भाऊ आहे."

फादर तरुण आहेत, दुसऱ्या गावचे. ते म्हणाले, "बाई, देव शब्द ऐकतो, चाल नाही." तुम्ही असतात तर त्यांना उत्तर दिलं असतंत. शब्द कोणीही लिहितं, देव चालीतच ऐकतो, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत. आणि तेच जर खरं असेल, तर दादाचंच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात पेटी. समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्यांत नवे लोक चहाचे कप घेऊन उभे. माझ्या हातात फोन, फोनमध्ये पोरगी, तिकडे अजून उजाडलं नव्हतं, ती ड्यूटीच्या कपड्यांत होती. फादरांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं, मागे सरले. सगळं गाव श्वास भरून उभं राहिलं. लोक तोंड उघडून उभे होते, मास्तर, खरोखर, म्हातारे पुरुष तोंड उघडून. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्याने हात खाली घेतले. मग काहीच झालं नाही. कोणीतरी खोकलं. किनाऱ्याकडच्या आळीतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "गानं नाय? विसरले की काय रे?" आणि कोणीतरी तिला गप्प केलं. तेवढ्यात माझ्या बाजूला, तुमच्या स्वयंपाकघरात हंड्यांपाशी माझ्या शेजारी बसायची ती, आता तिला फारसं ऐकू येत नाही, तिने आपला आवाज सुरू केला. दुसरा आवाज. तुम्हाला माहीत आहे तो एकटा ऐकला तर कसा लागतो. त्याच त्याच दोन पट्ट्या वर, दोन खाली, त्यात गाणं नाहीच. कोणाला कळेना ती काय म्हणते आहे. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तिने दीड ओळ म्हटली, वरचा आवाज येईल म्हणून थांबली, तो आला नाही, आणि ती माझ्याकडे बघत गप्प झाली.

फोनमधून आवाज आला, "आत्या, काही ऐकू येत नाहीये. तू म्यूटवर आहेस. म्यूट काढ ना, आत्या, गाणं सुरू झालं असेल."

मी फोनकडे पाहिलं. मी म्यूटवर नव्हते. पुरुषांनी पेटी उचलली. रस्त्याला लागेपर्यंत फक्त चपलांचा आवाज होता.

संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. ड्यूटी संपवून बसस्टॉपवर उभी होती. "आत्या, गाणं झालं ना गं? मला मध्ये एका बाईचं काहीतरी वेगळंच ऐकू आलं, बाकी काहीच नाही." मी आयुष्यभर लोकांना खरं सांगत आले, मास्तर. तुम्हाला सांगितलं, शाळेला सांगितलं, मरणाऱ्या भावाला त्याच्या बिछान्यावर सांगितलं. तिला मी म्हटलं, "झालं. तुझं नेट गेलं होतं." तिने विचारलं, "छान झालं?" मी म्हटलं, "चारही आवाज नीट लागले." ती म्हणाली, "बरं झालं," आणि तिथे थंडीत उभी राहून रडली, आणि मी तिला "नंतर" म्हटलं नाही.

आज सकाळी तुमच्या मागे माझ्याकडे आलेली तुमची प्लेट, मऊ कापडात गुंडाळून, कडेला जुना तडा आहे तशी, फादरांच्या ऑफिसात दिली. सोबत माझ्या अक्षरातला एक कागद, चाल कुठली, कशासाठी होती, आणि इथे शब्द कोणी व कोणासाठी लिहिले, एवढंच, मत नाही. गायनमंडळाचा मुलगा हजर होता. त्याने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि प्लेट कपाटात ठेवून कुलूप लावलं. हे पत्र दिलेलं नाही.